हुनर मोठा की माणूस?

हुनरमंद माणसाला आपण नकळत एक सवलत देऊन टाकतो. गवई तापट असला की तो मनस्वी ठरतो. उस्तादाने शागिर्दाच्या थोबाडीत दिली तर ती तालीम ठरते. तोच राग एखाद्या स्वयंपाक्याने दाखवला तर तो उर्मट! ही सवलत नेमकी कोणाच्या खिशातून दिली जाते, हा प्रश्न जेरेमी क्लार्कसन या इंग्रज माणसाच्या हकिकतीने आमच्यापुढे उभा केला.

क्लार्कसन १९६० साली डॉनकास्टरला जन्मला. त्याचे आईवडील पॅडिंग्टन अस्वलाची खेळणी बनवून विकत. स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदारी करून १९८८ मध्ये तो बीबीसीच्या 'टॉप गिअर' या मोटारींच्या कार्यक्रमात आला आणि २००२ साली त्याने व निर्माता अँडी विल्मन यांनी त्या कार्यक्रमाचे रूपच पालटले. मोटारीचे गुणदोष सांगणारे पुष्कळ होते. हा गडी मोटारीविषयी असा बोले की जन्मात स्टिअरिंगला हात न लावलेला माणूसही खुर्ची सोडत नसे. हे सोपे नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

पण त्या हसण्याला कोणीतरी गिऱ्हाईक लागे. २०११ च्या जानेवारीत मेक्सिकोच्या लोकांना आळशी म्हणून झाले. त्यांचा राजदूत तक्रार करणार नाही, तो झोपला असेल, असेही क्लार्कसन बोलला. बीबीसीला माफी मागावी लागली. तेव्हा आपल्याकडे कोणाला राग आल्याचे आम्हाला आठवत नाही. त्याच वर्षाअखेरीस मंडळी हिंदुस्थानात आली, मुंबईत डबे पोचवण्याची शर्यत लावली, आणि क्लार्कसनने जग्वारच्या डिकीवर संडासाचे भांडे बसवले. जानेवारी २०१२ मध्ये भारतीय उच्चायोगाने निषेध नोंदवला. थट्टा आपल्या दारात आली की मगच तिचा वास येतो. ज्यांच्या बोलीची आणि नावांची सिनेमात टर उडवली गेली, त्या आपल्यासारख्यांना तरी हे लवकर कळायला हवे होते.

खरा प्रसंग घडला ४ मार्च २०१५ च्या रात्री, उत्तर यॉर्कशरमधल्या एका हॉटेलात. दिवसभराच्या चित्रीकरणानंतर गरम जेवण मिळाले नाही, म्हणून क्लार्कसनने निर्माता ओशिन टायमन याला शिवीगाळ केली आणि मारले. मारहाण सुमारे तीस सेकंद चालली, ती दुसऱ्या एकाने थांबवली. शिव्या मात्र पुष्कळ वेळ चालू होत्या. ओठ फुटलेला टायमन स्वतः गाडी चालवत इस्पितळात गेला. त्याने रीतसर तक्रारही केली नाही; प्रकार वरिष्ठांना कळवला तो क्लार्कसननेच. ही त्याच्या पदरात टाकण्यासारखी गोष्ट आहे.

पण बीबीसीच्या चौकशी अहवालातली एक बाब आम्हाला फार अस्वस्थ करते. त्या रात्री टायमनला वाटले, आपली नोकरी गेली. ज्याने मार खाल्ला त्याला वाटले! मारणाऱ्याने त्याला कामावरून काढण्याची धमकी दिली होती, आणि ती खरी ठरेल याबद्दल त्याला शंका नव्हती. कारखान्यात, कचेरीत, शाळेतसुद्धा तोंड मिटून बसणाऱ्यांचे हिशेब याहून वेगळे नसतात. तो गप्प राहतो, आणि आपण समजतो की त्याने माफ केले.

पुढे काय झाले? क्लार्कसनला परत आणा, अशा अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि तो अर्ज रणगाड्यासारख्या गाडीवरून बीबीसीच्या दारात नेला गेला. हॉटेलात काय घडले हे अजून जाहीरही झाले नव्हते! लोकांनी टायमनलाच इतके छळले की त्याला त्रास देऊ नका, असे क्लार्कसनला सांगावे लागले. २५ मार्चला महासंचालक टोनी हॉल यांनी करार पुढे न चालवण्याचा निर्णय जाहीर केला. हुद्दा किंवा धंदा पाहून एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा नियम लावता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. बीबीसीला ते महाग पडले. नव्या सूत्रधारांना तो रंग साधला नाही. क्लार्कसन आपल्या दोन साथीदारांसह ॲमेझॉनकडे गेला. २०१६ मध्ये त्याने टायमनची जाहीर माफी मागितली आणि भरपाईही दिली गेली.

आता तो ऑक्सफर्डशरमध्ये शेती करतो, आणि २०२१ पासून त्या शेतीची मालिका लोक आवडीने पाहतात. पहिल्या वर्षाचा नफा निघाला १४४ पौंड! केलेब कूपर नावाचा तरुण शेतकामगार त्याला येताजाता झापतो आणि हा मुकाट ऐकून घेतो. जेवण ताटात येण्याआधी मातीत काय काय होते, ते त्याला साठीत समजले, असे म्हणावेसे वाटते. पण डिसेंबर २०२२ मध्ये 'द सन'मधल्या सदरात त्याने मेगन मार्कलविषयी जे लिहिले त्यावर पंचवीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या, आणि वृत्तपत्रांच्या नियामक संस्थेने ते लेखन स्त्रीद्वेषी ठरवले.

मग माणूस बदलला, की समोर झापणारा केलेब आहे म्हणून तेवढ्यापुरता नमला? आम्ही त्या मालिकेचे भाग पाहतो, हसतोही. तेव्हा टायमनची आठवण दर वेळी येतेच असे नाही.