गाडगेबाबांचे प्रश्न

अमरावतीकडच्या शेणगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्तीच. नवसाचे बोकड देव खातो की माणसे, हे ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांकडूनच वदवून घेत. शंका घेणारा तो पाखंडी, असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो, मग बाबांना काय म्हणाल?

आता आपल्याच शिवारातले पाहा. पावसाळ्यात पऱ्हाटी निंदताना कोणाला पान लागते. मांत्रिक मंत्र टाकतो, माणूस उठून बसतो, अन् गावभर डंका! पण पुष्कळ साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. मग तो मंत्राने वाचला, की मुळात विषच नव्हते? अन् मंत्र टाकूनही जे गेले, त्यांची मोजदाद कोणी ठेवली? विज्ञान हाच हिशेब मागते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावरची लस अशा हिशेबाला उतरलेली आहे, अन् ती सरकारी दवाखान्यात मिळते.

जखम कापू नये, करकचून बांधू नये, रोग्याला चालवू नये. विठ्ठलाचे नाव घ्यायला आमची ना नाही. ते दवाखान्याच्या वाटेवर गाडीत बसून घ्यावे.