विसरलेले सुटे भाग



वेदान्तात ‘कण्ठचामीकर’ नावाचा एक न्याय सांगितला आहे. चामीकर म्हणजे सोने. एक बाई गळ्यातला दागिना हरवला म्हणून घरभर शोधत फिरते. उतरंडी पालथ्या घालते, सुनेवर संशय घेते. शेवटी शेजारीण म्हणते, “अगं, गळ्यात काय आहे ते बघ की!” दागिना सापडला, म्हणून बाई आनंदाने नाचू लागते. वास्तविक तो गेला होताच कुठे? गेली होती ती आठवण. शास्त्रकार याला प्राप्ताचीच प्राप्ती म्हणतात. जीवाला देवाचा विसर पडतो, म्हणून देव काही नाहीसा होत नाही. विसर म्हणजे नाश नव्हे. आजचे निरूपण एवढ्यावरच आहे. मात्र दृष्टान्त सोन्याचा नव्हे, लोखंडाचा घेऊ.

डोंबिवलीजवळचे मानपाडा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. कल्याण-शिळ रस्त्याला आज तिकडे इमारतींची रांग लागली आहे. पण मूळची ही भातशेतीची गावे, आणि वस्ती माळकऱ्यांची. तिथे सप्ताहाला गेलो असता ही हकीगत कानी आली. एका घरच्यांनी जुना गोठा पाडायला काढला. दावणीमागे, कुजलेल्या पेंढ्याखाली, गोणपाटात गुंडाळलेले लोखंड निघाले. एकट्याला हलणार नाही असे एक जाडजूड चाक, एक सिलिंडर आणि त्यात गंजून घट्ट बसलेला दट्ट्या. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचे ते भाग. जात लिस्टरची. इंग्लंडातल्या डर्सली गावच्या कारखान्याने नावारूपाला आणलेली ही संथ चालीची, दणकट इंजिने. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, आणि आपल्याकडे मळ्यामळ्यांतून इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला.

भंगारवाला दारात आला. किलोवर भाव ठरला. तेवढ्यात ओटीवरचे आजोबा म्हणाले, “थांबा. ह्याला चाकं दोन असतात. दुसरं कुठंय?”

कुणाला ठाऊक? ठाऊक होते ते एकट्या आजोबांना. फार वर्षांपूर्वी भावाभावांत वाटणी झाली. शेत वाटले, भांडी वाटली. इंजिनावर दोघेही अडून बसले. मग काय केले? इंजीनही वाटले! एक चाक आणि सिलिंडर थोरल्याकडे. दुसरे चाक, तेलाचा पंप आणि नोझल धाकट्याकडे. हिशेब चोख झाला. दोघांनाही निम्मे निम्मे इंजीन मिळाले, आणि पाणी कुणालाच मिळेना. तेव्हापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद. सप्ताह एक, मंडप एक, विठोबा एक. पण पंगतीला तोंडे दोन दिशांना.

असो. आता हे यंत्र चालते कसे, ते बघा. चार ठोक्यांत याचा फेर पुरा होतो. पहिल्याने हवा आत येते, दुसऱ्याने ती दाबली जाते, तिसऱ्याला जाळ होऊन दट्ट्या ढकलला जातो, चौथ्याला धूर बाहेर पडतो. म्हणजे चारांत जोर एकदाच! उरलेले तीन ठोके इंजीन चालते ते चाकात साठलेल्या वेगावर. आपली वारी हा जोराचा ठोका. पण आषाढी झाली की कार्तिकीपर्यंत काय? तिथे रोजचा हरिपाठ, एकादशी, घरातले नाम हेच चाक. चाक नसेल तर जोर एका धक्क्यात संपतो. आणखी एक. या इंजिनाला बाहेरून ठिणगी द्यावी लागत नाही. कोंडलेली हवा दाबता दाबता इतकी तापते, की तेलाचा फवारा येताच तो आपसूक पेट घेतो. पसरलेले मन नामाच्या ठायी आवळले की आतला अग्नी असाच प्रकटतो.

आता कुणी म्हणेल, “महाराज, जुनं ते सगळंच जपायचं का? गोठाही ठेवायचा का?” नाही. पेंढा कुजला होता, वासे वाळवीने खाल्ले होते. ते गेले, बरे झाले. जपायचे ते, जे जोडले असता पुन्हा चालते. याचेच नाव विवेक.

याला आपल्या परंपरेत मोठा दाखला आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांत प्रती घरोघरच्या बासनांत विखुरल्या, पाठ बिघडले. माऊलींच्या कंठाला अजानवृक्षाच्या मुळीचा वेढा पडला आणि त्यांनी नाथमहाराजांना दृष्टान्त दिला, हे आपण सारे ऐकत आलो. नाथ आळंदीला गेले, मुळी दूर केली. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रती मिळवल्या, पाठ ताडून पाहिले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. वर बजावले, की आपल्या पदरची ओवी कुणी आत घालू नये. दुसऱ्या यंत्राचा भाग ठोकून बसवला तर यंत्र मोडते, हे नाथांना पक्के ठाऊक होते.

मानपाड्याच्या त्या घरी फिटर आला. त्याने सांगितले, “दट्ट्यावर घण घालू नका. डिझेल ओता, आठ दिवस मुरू द्या.” ही झाली गंजाची चिकित्सा, अनुतापाचीही हीच रीत. पण दुसऱ्या चाकाचे काय? ते मागायला कुणीतरी समोरच्या दारात जायला हवे. थोरल्या घरचा नातू गेला. धाकट्या घरच्या आजी उंबऱ्यात उभ्या. म्हणाल्या, “चाक ने बाबा. पण आधी आत ये, चहा घे.”

इंजीन सुरू झाले. पाणी उपसायला आता विहीर राहिलेली नाही, तिथे इमारत उभी आहे. मग मिळाले काय? काल्याच्या दिवशी दोन्ही घरे एका पंगतीला बसली, हे मिळाले.

भाविकहो, माळ घातली की आपण एकमेकांच्या पाया पडतो. दिंडीत अनोळखी वारकऱ्याच्या पायावर डोके ठेवणे सोपे असते. शेजारच्या घरातल्या चुलतभावापुढे वाकताना कंबर ताठते. ज्याचे चाक आपल्या गोठ्यात पडले आहे, आणि ज्याच्या गोठ्यात आपले, त्याचे दार येत्या आषाढीच्या आत ठोठवा. मग पंढरीची वाट धरा. विटेवरचा तो कटीवर कर ठेवून उभाच आहे. त्याला कुणाचा विसर पडलेला नाही.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!