चार न फोडलेल्या गोळ्या

एका सकाळी धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात धाकट्या भावाच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं. दहातल्या सहा घेतलेल्या, चार तशाच चंदेरी कागदाखाली. "आता बरं वाटतंय न्हवं, मग कशाला गोळी?" तो म्हणाला.

शिवाजी उद्यमनगरात तो लेथवर काम करतो. गोळी सोडून पाच दिवस झाले होते. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसायचा, गरगरायचं, उगाच चिडायचा. फिरत्या जॉबसमोर उभ्या माणसाचा हात जायला असा एक झटका पुरे.

त्याला वाटलं, आजार उलटला. आईला वाटलं, गोळीची सवय लागली. तसं नव्हतं. त्याच्या गोळीतल्या एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधामुळे मेंदूतल्या सिरोटोनिनचं गणित बदलतं आणि मेंदू त्या बदलाशी हळूहळू जुळवून घेतो. औषध एकदम काढून घेतलं की तो गडबडतो. झोपेच्या काही गोळ्यांची लागते तशी तलफ या औषधाची लागत नाही. पण ते सोडायचं डॉक्टरांना विचारून, थोडं थोडं कमी करत. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी ते चालू ठेवायला सांगतात, आजार परतू नये म्हणून.

मला हळहळ वाटते ती सुरुवातीच्या दिवसांची. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, धडधड, रात्रीची तळमळ मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होते. आम्ही "धीर धर" म्हणत राहिलो, काय होतंय ते बसून विचारलं नाही. घरात तरुण पोर असेल तर हे विचारणं फारच गरजेचं. सुरुवातीला किंवा डोस बदलताना जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये मुलांसाठी छापायला लावला आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. पण म्हणून औषध टाळायचं नाही. त्या दिवसांत जवळ राहायचं आणि तसं काही जाणवलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

मधे एकदा त्याची कंबर धरली. दुखण्यावरची गोळी मागितल्यावर मेडिकलवाल्यानं विचारलं, "दुसरं काही औषध चालू हाय काय?" मागे ओळखीची माणसं उभी होती. हा गप्प. नशीब, मी सोबत होतो. ट्रमाडोलसारखी दुखण्यावरची गोळी किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध एस्सिटालोप्रामबरोबर पोटात गेलं, तर सिरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून ताप, थरथर, घाम, भ्रम होऊ शकतो; क्वचित जिवावरही बेततं. आयबुप्रोफेननंसुद्धा रक्तस्रावाचा धोका वाढतो.

त्या पाकिटानंतर डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. तेव्हापासून भावजय स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक गोल काढते. कडेला पेनानं टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहिलाय, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आठ महिने पुरे गोल झाले. काल डॉक्टरांनी डोस निम्मा केला. आज चहा गाळता गाळता भावजयीनं तारखेवर पहिला अर्धा गोल काढला, आणि "दोन दिवसांनी चक्कर येते का ते विचारायचं हां" असं मला बजावून डबा भरायला घेतला.