मूळ दिसत नाही, पण पेलतं तेच

आजचा शास्त्रभाग : रोमकरांस पत्र, अध्याय ११, वचने १६ ते २४



आजच्या भागात पौल जैतुनाच्या कलमाबद्दल बोलतो. जैतुनाचं झाड आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? पण द्राक्षाचं कलम आपल्या नगर जिल्ह्यात बघायला मिळतं.

नोकरी गेल्यावर मी चार दिवस श्रीगोंद्याला काकांकडे गेलो होतो. ऑगस्ट संपत आला होता, बागेत कलमं बांधणं चालू होतं. खुंटाची काडी मधोमध चिरायची, त्यात थॉमसनची पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची.

"काका, हा खुंट कसला?"

"डॉगरिज. मूळचा अमेरिकेतला रानवेल. याची द्राक्षं बाजारात कोणी नेत नाही. पण पाणी कमी पडू दे, जमीन खारवट असू दे, हा दम धरतो."

नंतर वाचलं, की डॉगरिज टेक्सासचा. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा या किडीने मुळं पोखरून फ्रान्सच्या बागा वाळवल्या, तेव्हा अमेरिकेतल्या अशाच रानवेलींच्या मुळांवर त्यांची द्राक्षं कलम करून त्या वाचवल्या गेल्या. या कामातल्या मदतीबद्दल टेक्सासच्या टी. व्ही. मुन्सन यांचा फ्रान्सने १८८८ मध्ये सन्मान केला.

आता पौलाकडे या. शेतकरी रानटी मुळावर चांगली काडी बांधतो. देवाने उलट केलं. मूळ उत्तम, आणि त्यावर बांधली रानटी फांदी, म्हणजे तुम्ही-आम्ही! हे निसर्गाच्या उलट आहे, हे पौलही मान्य करतो. म्हणून तो बजावतो, की फांदीने मिरवू नये. तिने मुळाला उचललेलं नाही, मुळाने तिला उचललंय.

मी मात्र पाच वर्षं मिरवत होतो. पद, पगार, पुण्यातला फ्लॅट, सगळं माझ्या हिमतीवर. प्रार्थना राहून जायची, त्याचं काही वाटायचंही नाही. पाणी तुटलं तेव्हा कळलं, की घडांकडे बघता बघता मुळाकडे बघायचंच राहिलं होतं.

ऑफिसात कोणी म्हणतं, "तुमचा धर्म अमेरिकेतून आला." अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झालं, हे खरंच आहे. पण ती माणसं कलम बांधणारी. मूळ ख्रिस्त आहे, आणि या मातीत येणारा घड मराठीच.

मला अजून नोकरी मिळालेली नाही. पण काका म्हणाले ते लक्षात आहे : "कलम बांधलं की रोज सोडून बघायचं नसतं. सांधू द्यायचं."

आज पाच मिनिटं फोन बाजूला ठेवा, आणि त्याच्यात नुसते राहा.

प्रार्थना : प्रभू येशू, फळ दिसत नाही त्या दिवसांतही तू मला धरून आहेस, हे मला विसरू देऊ नकोस. आमेन.