आत काहीच वाटत नाही तेव्हा

आजचं वचन : इब्री 11:1



गेल्या आठवड्यात युवा संघातल्या एका मुलीने विचारलं, "रोज प्रार्थनेला बसते, पण आत काहीच वाटत नाही. माझा विश्वास संपला का?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. घरी येऊन हे वचन पुन्हा उघडलं.

आपल्या मराठी बायबलमध्ये इथे 'भरवसा' आहे. मूळ ग्रीक शब्द 'हुपोस्टासिस'. हुपो म्हणजे खाली, स्टासिस म्हणजे उभं राहणं, स्थिरावणं. गंमत म्हणजे हा वैद्यांचाही शब्द. हिप्पोक्रेटसच्या परंपरेतले वैद्य रोग्याची लघवी भांड्यात स्थिर ठेवत आणि तळाशी बसलेला साका बघून आजाराचा अंदाज घेत. त्या साक्याला ते हेच नाव देत. तुमच्यापैकी जे एमबीबीएस करतायत त्यांना 'हायपोस्टॅसिस' माहीतच असेल: मृत्यूनंतर शरीराच्या खालच्या बाजूला साचणारं रक्त. तत्त्वज्ञांनी तोच शब्द 'भास नव्हे, खरं अस्तित्व' या अर्थाने घेतला. पुढे त्रैक्याबद्दल बोलताना मंडळीने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन हुपोस्टासिस म्हटल्या. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

इब्रीच्या पत्रात हा शब्द तीनदा येतो. 1:3 मध्ये तो देवाच्या तत्त्वाबद्दल आहे, तिथे 'भावना' असा अर्थ कुणी करणारच नाही. 3:14 मध्ये शेवटपर्यंत धरून ठेवायचा भरवसा. आणि 11:1 ला भाषांतरकारांच्या वाटा वेगळ्या होतात. ल्यूथरने मनातली खात्री घेतली, किंग जेम्सवाल्यांनी वस्तूचं सत्त्व.

'भरवसा' चुकीचा नाही. पण तो शब्द वाचला की आपण लगेच स्वतःच्या मनात डोकावतो, किती भरलंय ते मोजायला. ज्यांना हे पत्र गेलं त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, हात गळून गेले होते. त्यांना लेखक 'आत काय वाटतंय' असं विचारत नाही. त्यांच्या खाली काय आहे ते सांगतो.

मग काही न वाटणं चालेल का? तसंही नाही, ते दुखतंच. पण ती मुलगी रोज बसते, हे मी तेव्हा ऐकलंच नाही. न वाटताही ती कशावर तरी बसते आहे.

रविवारी भेटली की माझं ते उत्तर मागे घेणार आहे. उद्या 8व्या वचनापासून, अब्राहाम.