पाण्यातलं मीठ

रत्नागिरीतल्या कॉलेजात मी ३१ वर्षं संस्कृत शिकवलं. छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय आला की वर्गात स्टीलचा पेला आणि खडेमीठ घेऊन जायची. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि सकाळी म्हणतो, ते मीठ आता परत दे. खडा सापडत नाही. मग वरचं पाणी चाख, मधलं चाख, तळाचं चाख. सगळीकडे खारट. वर्गातल्या मुलीही चाखायच्या, तोंडं वाकडी करायच्या, आणि मी सांगायची, आत्मा असाच. दिसत नाही, पण सगळ्यात भरून आहे.

तेच मीठ पुढे मुंबईत माझ्या धाकट्या भावाच्या उशाशी आकडा होऊन आलं. त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं, मूळपेशी माझ्याच दिल्या. चोविसाव्या दिवशी दुपारी मऊ भाताचा घास हातात तसाच धरून त्याने विचारलं, "ताई, आबा गाडीतून उतरले का?"

मी म्हटलं, "अरे, आबा १९९८ सालीच गेले ना." तो रडला. वडिलांना पोचवून स्मशानातून परतल्यावर पडवीत बसून रडला होता, अगदी तसाच. दहा मिनिटांनी पुन्हा, "ताई, आबा उतरले का?" पुन्हा सांगितलं, पुन्हा रडला. तिसऱ्यांदा माझी जीभ उचलेना. म्हटलं, "वाटेत आहेत."

संध्याकाळी रिपोर्ट आला. सोडियम १२१. असायला हवं १३५ ते १४५. मला वाटलं, अळणी जेवणामुळे असेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मीठ कमी पडलेलं नाही, पाणी जास्त झालंय. मेंदूकडून चुकीचा निरोप जातोय, त्यामुळे मूत्रपिंडं पाणी सोडतच नाहीयेत." जास्तीचं पाणी पेशींत शिरतं, मेंदूच्या पेशीही फुगतात, आणि कवटीत फुगायला जागा नसते. निरोप का चुकला, ते पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासल्यावर कळलं. ह्यूमन हर्पीस व्हायरस सहा. तान्ह्या मुलांना तीन-चार दिवस ताप येतो, उतरला की अंगावर गुलाबी पुरळ उठतं, बहुतेकदा त्यातलाच हा विषाणू. दोन-तीन वर्षांचे होईतो जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात तो येऊन जातो. जातो म्हणजे जात नाहीच, झोपून राहतो. ट्रान्सप्लांटनंतर शरीराचा पहारा उठतो तेव्हा एखाद्याच्या बाबतीत तो जागा होतो आणि मेंदूत जिथे आठवणी बांधल्या जातात नेमकं तिथे शिरतो. आईने मांडीवर घेऊन उतरवलेला तो ताप पन्नास वर्षं त्याच्या आतच होता, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

पाण्यावर बंधन आलं. तो पाणी मागायचा आणि मी चमच्याने मोजून द्यायची. सलाईनमधून तीन टक्क्यांचं खारं पाणी थेंबथेंब सुरू झालं. चोवीस तासांत सोडियम आठ-दहापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही; घाईने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. म्हणून दर काही तासांनी रक्त काढत. १२१, १२३, १२६. मी ते आकडे कॅलेंडरच्या मागे लिहीत होते.

भेटायला येणाऱ्यांना काचेबाहेरूनच परतावं लागे. जाताना फोनवर धीर देत, "शरीराचे भोग आहेत हो, आत्म्याला काही होत नाही." त्यांची माया खरी होती. पण मला ते ऐकवेना. पाण्यात मीठ विरघळतं तसा जो सगळ्यात भरून आहे, त्याला काही होत नसेल, तर इथे बापासाठी पुन्हापुन्हा रडतोय तो कोण?

एका रात्री तोच अध्याय मनात घोळवताना जाणवलं की मिठाच्या आधीचा एक भाग मी वर्गात नेहमी घाईने उरकत आले. श्वेतकेतू बारा वर्षं शिकून, ताठ मानेने घरी आलेला. बाप त्याला म्हणतो, पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी म्हणतो, म्हण आता वेद. मुलाला एक ऋचा आठवत नाही. मग बाप सांगतो, जा, जेव. जेवल्यावर सगळं परत येतं. मन अन्नाचं बनलेलं आहे, हे उद्दालक मुलाला आधी उपाशी ठेवून दाखवतो, आत्म्याची गोष्ट त्यानंतर काढतो. स्मृती अन्नापाण्यावर उभी आहे याची त्याला लाज वाटत नाही. आम्ही मात्र ती पायरी गाळून थेट आत्म्यावर पोचतो, आणि म्हणून आजाऱ्याच्या खोलीत आमचं बोलणं पोकळ वाजतं.

मिठानेच सगळं होतं असंही नाही. सोडियम १३४ झालं, नजर स्वच्छ झाली, तरी आबांचा प्रश्न थांबला नाही. विषाणूने आपलं काम केलेलं होतं. त्याच्यावरचं औषध नव्याने रुजलेल्या मॅरोलाच मारक, त्यामुळे डॉक्टर रोज पांढऱ्या पेशी मोजत ते देत होते.

त्या दिवसांत मला त्या अध्यायातलं प्रसिद्ध वाक्य, 'तत्त्वमसि', ते तू आहेस, वेगळं ऐकू येऊ लागलं. बाप तिथे मुलाला 'तू' म्हणतो. 'मी' हा शब्द भावाच्या हातून निसटत होता. कुठे आहोत, काय झालंय, काही धरून ठेवता येत नव्हतं. 'तू' मात्र शाबूत होता, कारण तो माझ्या तोंडात होता. आणि ते वाक्य उद्दालक एकदा सांगून थांबत नाही, नऊ वेळा सांगतो. दर वेळी मुलगा म्हणतो, पुन्हा समजावून सांगा, आणि दर वेळी बाप नवा दाखला घेऊन पहिल्यापासून सुरू करतो. चिडत नाही. मी ते शिकवताना पाठांतराची सोय म्हणून सोडून द्यायची.

पण उद्दालक नऊही वेळा खरंच सांगत होता. मी तिसऱ्या वेळेपासून खोटं सांगितलं, आणि ते मला टोचत राहिलं.

भाऊ घरी आला. ते तीन आठवडे त्याला कधीच परत मिळाले नाहीत. नवी नावं अजूनही निसटतात. पावसाळ्यात एकदा पडवीत बसलो असताना मी त्याला सगळं सांगितलं. तो कितीदा विचारत होता तेही, आणि मी काय म्हणत राहिले तेही. तो बराच वेळ पागोळ्यांकडे बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "मग एकदा तरी 'उतरले' म्हणायचंस."