जोडणी मिळाली, सिलिंडर भरायचा कशाने?

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. आज तिच्या जोडण्या दहा कोटींच्या पुढे गेल्या आहेत. इतक्या थोड्या काळात इतक्या घरांत गॅस पोहोचवणे ही मोठी कामगिरी आहे. पण जोडणी एकदाच घ्यायची असते, सिलिंडर पुन्हा पुन्हा भरावा लागतो. २०१९-२० या वर्षात उज्ज्वलाच्या एका घराने सरासरी तीनच सिलिंडर घेतले. तेवढ्यात वर्षभराचा स्वयंपाक होत नाही. उरलेला कशावर झाला, हे विदर्भातल्या घरांमागे रचलेल्या तुराट्या आणि पऱ्हाट्या सांगतात.

याचे खापर बायकांच्या सवयीवर फोडले जाते. चुलीवरच्या भाकरीची चव त्यांना सोडवत नाही, म्हणे. मला हे मुळीच पटत नाही. पुढच्याच वर्षी, टाळेबंदीत, सरकारने या घरांना तीन सिलिंडर मोफत देऊ केले आणि सरासरी ४.३९ वर गेली. ती मदत थांबली, भाव चढले आणि २०२१-२२ मध्ये सरासरी ३.६६ वर उतरली. बायका त्याच, चुली त्याच. बदलली ती किंमत.

आणि हे भाव चढले कधी? लोकांच्या हाताला काम नव्हते तेव्हा. २०२० च्या मध्याला दिल्लीत सहाशेच्या आत मिळणारा घरगुती सिलिंडर मे २०२२ मध्ये हजारावर गेला. मधल्या काळात बहुतेक ग्राहकांचे अनुदान जवळजवळ शून्यावर आले होते. मग उज्ज्वलाच्या घरांसाठी २०० रुपये आले, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचे ३०० झाले.

रकमेइतकीच महत्त्वाची आहे ती मोजण्याची रीत. मजुरी रोजची किंवा आठवड्याची. सिलिंडरचे पैसे मात्र एकरकमी, पूर्ण भावाने द्यायचे आणि अनुदान मागाहून खात्यात जमा व्हायचे. आरंभी तर शेगडी आणि पहिला सिलिंडर कर्जाऊ घेण्याची सोय होती आणि ते कर्ज अनुदानातून वळते होई. म्हणजे ज्या घराला सवलतीची सर्वांत जास्त गरज, तेच घर कर्ज फिटेपर्यंत पूर्ण भावाने गॅस घेत होते. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिला सिलिंडर मोफत झाला, हे चांगले झाले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. तेही पैसे आधी भरा, मग खात्यात घ्या, याच रीतीने.

तिजोरीचा आक्षेप खोटा नाही. आपल्याला लागणाऱ्या या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग आयात होतो आणि मंदीत सरकारचे उत्पन्नही घटते. पण चूल पेटली की खर्च वाचत नाही; तो बाईच्या छातीतून आणि सरपण गोळा करण्यात गेलेल्या दिवसांतून वसूल होतो, अर्थसंकल्पात दिसत नाही इतकेच. घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्यांना परवडते त्यांनी बाजारभाव मोजावा. दहा लाखांहून अधिक करपात्र उत्पन्न असलेल्यांचे अनुदान २०१६ पासून बंद झाले, ते योग्यच होते. ही मर्यादा अजून खाली नेता येईल.

स्वस्त गॅस हॉटेलांकडे वळू नये म्हणून अनुदान खात्यात देण्याची पद्धत आली. आता सिलिंडर घेताना मोबाइलवर आलेला क्रमांक सांगावा लागतो, तेव्हा त्या चोरीवर लक्ष ठेवण्याचे दुसरे साधनही हाताशी आहे. म्हणून उज्ज्वलाच्या घराने दारात फक्त सवलतीची किंमत द्यावी आणि फरक सरकारने परस्पर कंपनीला चुकता करावा. पाच किलोचा लहान सिलिंडर गावातल्या दुकानात मिळावा. आणि योजनेचा अहवाल जोडण्यांच्या संख्येने सुरू न होता, कोणत्या जिल्ह्यात घरामागे किती सिलिंडर भरले गेले, या आकड्याने सुरू व्हावा. पुढच्या अर्थसंकल्पाकडे एवढे मागायलाच हवे.